गल्ला फुगतोय मग हातात काय राहतं? (टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचा धंदा, मराठवाडा)

माजलगावचा_मामा (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

भाचा २२ वर्षांचा. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं, दीड वर्ष पुण्यात एका मोबाईल दुकानात हाताखाली होता, आता गावाकडं आलाय. बहिणीनं मनावर घेतलंय की त्याला बसस्टँडसमोर गाळा घेऊन द्यायचा. डिपॉझिट एक लाख, भाडं साडेचार हजार. दाजी म्हणतात, मामानं विचारपूस करावी. म्हणजे उद्या बुडालं तर नाव मामाचं.

माझ्या परीनं मी अभ्यास केला. परवा समोरच्या हॉटेलात बसून एका चालत्या दुकानात किती गिऱ्हाईक येतं ते मोजलं. तीन तासांत ३१. माझे चहाच चार झाले. गर्दी बघून वाटलं, खाण आहे ही. मग दुकानदारालाच जाऊन विचारलं, तर तो म्हणतो, "मालक, धंद्यात राम राहिला नाही."

आता हे दोन्ही एकदम खरं कसं? ज्यांनी स्वतः हातात कथिल धरलंय त्यांनी सांगा: गेल्या १०-१५ वर्षांत उलाढाल वाढली का घटली, आणि वाढली असंल तर पैसा जातो कुठं? आकडे दिले तर उपकार होतील. "मेहनत केली की कुठलाही धंदा चालतो" हे बहिणीनं ऐकवून झालंय.

बारामाही_टवाळ

३१ पैकी नुसते टफन (स्क्रीनवरची जादा काच) लावायला किती आले ते मोजलं का?

माजलगावचा_मामा

नाही ओ. चहा मोजत बसलो.

सेलूचा_रेडिओवाला

माझं दुकान १९९१ पासून. आधी रेडिओ-टेप, मग टीव्ही. धागा वाचला आणि माळ्यावरून जुन्या वह्या खाली काढल्या. बायको म्हणाली, रद्दीवाला आलाय का.

ऑगस्ट १९९९ चं पान उघडं आहे समोर. ४३ नग. "पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाईट, आवाज आहे चित्र नाही, ईएचटी (पिक्चर ट्यूबला जास्त दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलली, माल २२०, मजुरी १५०." त्याच्या खाली, "कलर २१ इंची, ड्राय सोल्डर, माल ०, मजुरी १००." ही दुसरी नोंद नीट वाचा. माल शून्य. कुठंतरी टाका सुटलेला असायचा, भिंग लावून तो शोधायचा, कथिलाचा थेंब लावायचा, सेट चालू. महिन्यात अशा दहा-बारा नोंदी. त्या महिन्याचा गल्ला ११,२००. मालाला गेले ३,९००. राहिले ७,३००.

आता जून २०२५. ५२ नग. गल्ला ६१,४००. पोरगं म्हणालं, बाबा साडेपाच पट झाला की! म्हटलं, शेजारचा रकाना वाच. माल ४४,०००. राहिले १७,४००. त्यातून भाडं, लाईट. पोराचा पगार धरतच नाही, घरचा आहे म्हणून.

१९९९ ला सोनं तोळ्याला सव्वाचार हजाराच्या आसपास होतं. म्हणजे महिन्याच्या कमाईत दीड तोळ्याच्या वर येत होतं (घेतलं कधीच नाही, ती गोष्ट वेगळी). आता १७,४०० मध्ये दोन ग्रॅमसुद्धा येत नाही.

कारण सोपं आहे. ट्यूबच्या टीव्हीत बिघाड सुट्या भागात असायचा आणि सुटा भाग स्वस्त होता. एलईडीत पॅनल गेलं की खेळ खलास. ३२ इंचीचं पॅनल टाकायचं तर चार-साडेचार हजार, आणि बिगरनावाचा नवा सेट आठ-नऊ हजाराला, वर हप्त्यानं. गिऱ्हाईक विचारतं, "काका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मी खरं सांगतो आणि ते नवा घ्यायला जातं. तपासण्यात गेलेला अर्धा तास माझा. मग उरतं काय? बॅकलाइटच्या पट्ट्या, पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर, आणि तयार मदरबोर्ड काढ-घाल.

बारामाही_टवाळ

सोन्यात मोजलं तर कलेक्टरसुद्धा दारिद्र्यरेषेखाली निघंल काका.

काळी_माती

मग सोयाबीनमध्ये मोजा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८, बाजारात काय मिळतो ते विचारू नका. तुमचे १७,४०० म्हणजे हमीभावानं सव्वातीन क्विंटल. माझ्या अर्ध्या एकराचं पीक. तुम्हाला ते दर महिन्याला मिळतंय, मला वर्षातून एकदा. रडू नका काका.

सेलूचा_रेडिओवाला

@काळी_माती, बरोबर आहे. गप बसतो.

(बसणार नाही, पण तुमचं बरोबर आहे.)

हिशोबनीस_लातूर

मामांना जे दोन्ही खरं कसं वाटतंय, त्याचं उत्तर काकांच्या दोन रकान्यांत आहे. मी गंजगोलाईच्या आसपासच्या बऱ्याच लहान दुकानांचे हिशेब लिहितो, त्यात मोबाईल-टीव्हीवाले सात-आठ. सगळ्यांचं चित्र थोड्याफार फरकानं हेच.

दुरुस्तीचं बिल म्हणजे माल अधिक मजुरी. माल हा दुकानातून नुसता वाहत जातो: गिऱ्हाइकाकडून आला, होलसेलवाल्याकडं गेला. पूर्वी बिलातला मोठा भाग मजुरीचा होता, आता मालाचा आहे. त्यामुळं उलाढालीचा आकडा चढत जातो आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर काही चढत नाही. त्यात परत एक गोम आहे. मालात पैसा अडकतो. शंभर मॉडेलचे डिस्प्ले ठेवायचे, त्यातले वीस मॉडेल बाजारातून गेले की ते वीस डिस्प्ले भिंतीला टांगायचे. मोबाईलवाल्याचं खरं नुकसान या भिंतीवर असतं आणि ते कुठल्याच वहीत नोंदलेलं नसतं.

म्हणून "धंदा वाढला का" असं विचारू नका. "मजुरी किती आणि किती तासांची" असं विचारा.

कॉम्बो_मास्टर_नांदेड

हिशोबनीस सरांनी भिंतीचं बोलून जखमेवर मीठ चोळलं. माझ्या भिंतीवर आत्ता साधारण ६० हजारांचं ओझं टांगलेलं हाय.

मी २००८ पासून या लाईनीत. तवा बटनाचे फोन. डिस्प्ले दीडशेचा, घ्यायचो तीनशे. पाण्यात पडला तर थिनरनं धुवायचा, ब्रश मारायचा, दोनशे रुपये. सॉफ्टवेअर मारायचे शंभर. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि वर्षभरात गावोगाव टचचे फोन झाले. नग वाढले, धंदा खरंच वाढला. २०२०-२१ ला लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली, तवा तर लोक बंद शटरवर थापा मारायचे. लेकराचा तास चुकतो म्हणून बाप रात्री दहाला घरी यायचा. माझी सगळ्यात चांगली दोन वर्षं तीच, कुणी काहीही म्हणो.

आता बघा. एकाच मॉडेलचा कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र) चार तऱ्हेचा येतो: टीएफटी, इनसेल, ओएलईडी, आणि कंपनीचा सर्व्हिस पॅक. आमचा माल हैदराबादहून येतो, कोटी नाहीतर जगदीश मार्केट. समजा १,४०० ला पडला. गिऱ्हाईक तिथंच उभं राहून फोनवर भाव काढतं आणि म्हणतं, "भाऊ, ऑनलाइन १,५५० दाखवतंय." मी १,८०० घेतो. चारशे राहिले. त्यात बसवताना पट्टा तुटला की हजाराचा खड्डा. महिन्यात एक-दोन तुटतेतच, जो म्हणतो माझ्याकडून तुटत नाही तो खोटं बोलतो. आणि पंधरा दिवसांनी टच आपोआप चालायला लागला की परत उभा. फरक तर सांगून घेतलेला असतो, "टीएफटी हाय, उन्हात कमी दिसंल". पण सांगितलेलं कोण ध्यानात ठेवतंय?

टक्क्यात बघितलं तर तवा पन्नास टक्के राहायचे, आता वीस-बावीस. टफन, कव्हर आणि चार्जरवर दुकान उभं हाय, रिपेरिंगवर नाही. टवाळ भाऊ हसत हसत खरं बोलले.

बारामाही_टवाळ

नोंद घ्यावी. आयुष्यात पहिल्यांदा.

पुण्यातला_परभणीकर

सगळेच रडताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. देशपातळीवर हा उद्योग वाढतोय. मे २०२३ अखेरीस केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं बंगळुरूत 'एर्सो' नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, म्हणजे जगभरचं सामान भारतात आणून दुरुस्त करायचं. पाच वर्षांत २० अब्ज डॉलरपर्यंत महसूल असा तेव्हाचा सरकारी अंदाज होता. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल आलं. फोन महाग झालेत, लोक ते जास्त वर्षं वापरतायत. एप्रिल २०२० पासून मोबाईलवर जीएसटी १२ चा १८ झाला, तोही धरा. नवी वस्तू महाग म्हणजे दुरुस्तीला मागणी. साधं अर्थशास्त्र आहे. भाच्यानं जरूर उतरावं.

सेलूचा_रेडिओवाला

गप बसणार नव्हतोच.

परभणीकर, बंगळुरूच्या शेडमध्ये बाहेरदेशीचे लॅपटॉप दुरुस्त झाले याचा मला आनंद आहे. पण त्यातला एक डॉलर तरी सेलू स्टेशनवर उतरणार आहे का? ते मोठ्या कंपन्यांचं काम, आमच्या धंद्याचं फक्त नाव सारखं. आणि तुमचं साधं अर्थशास्त्र टीव्हीला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. नवा सेट स्वस्त झाला. माझ्याकडं दुरुस्तीला पडलेले ४३ इंचीचे दोन सेट मालक परत घ्यायलाच आले नाहीत. एकाच्या पाठीमागं मांजरीनं पिल्लं घातलीत.

वैजापूरकर

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या लहानपणी म्हैसमाळच्या टॉवरकडं अँटेना वळवायला एक माणूस पत्र्यावर, एक खिडकीत आणि एक टीव्हीसमोर लागायचा. "आलं का?" "आलं... गेलं!" रविवारी सकाळी अँटेना हलली की दुरुस्तीवाल्याला सायकलवर बसवून आणायचे, वर त्याला पोहे. आता त्याच माणसाचं पोरगं डिशची छत्री बसवतं, त्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत.

बालाघाटातला

पोह्यांवरून आठवलं. मामा, तुमच्या भागाला लागू पडंल असं सांगतो. आपल्याकडं वर्षाचे बारा महिने सारखे नसतात हे भाच्याला आधी समजू द्या.

माझं धारूरकडं दुकान. दसरा ते दिवाळी हीच खरी सुगी. ऊसतोडीला निघायच्या आधी हातात मुकादमाची उचल असते. मागच्या साली एका टोळीतला गडी आला, उपरण्यात सात मोबाईल बांधलेले. गाठ सोडली, काउंटरवर ओळीनं मांडले आणि म्हणाला, "काच फुटलेली राहू द्या. ट्रॅक्टरच्या आवाजात रिंग ऐकू आली पायजे आन चार्जिंग दोन दिस टिकली पायजे." पाच बॅटऱ्या, तीन चार्जिंग पिना, सातही स्पीकरची जाळी पिननं साफ केली, त्यातून ऊसाचा भुगा आणि तंबाखू निघाला. दोन तासांचं काम, २,६०० झाले, घासाघीस नाही. रोख.

मग टोळ्या गेल्या की दुकानात माशा. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसावर थोडं चालतं, मग थेट कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपून टोळ्या परत आल्या, की. साडेचार हजार भाडं बाराही महिने द्यायचंय, हे मामा विसरू नका.

धाराशिवचे_गुरुजी

मी ग्राहकाच्या बाजूनं बोलतो. सगळे कारागीर आपलंच गाऱ्हाणं मांडतायत. गेल्या वर्षी मी बॅटरी बदलायला फोन दिला. संध्याकाळी घेतला, घरी आलो, तर समोरचा कॅमेरा बंद. दुकानदार म्हणतो आधीच बंद होता. मी कशानं सिद्ध करू? तेव्हापासून घरातला कुठलाही फोन बिघडला की नवाच घेतो. तुमची उलाढाल माझ्यासारख्यांनी घटवली असं म्हणा.

कॉम्बो_मास्टर_नांदेड

गुरुजी, दहातले आठ फोन आधीच अर्धे बंद असतेत आणि मालकाला पत्ता नसतो. तो कॅमेरा तुम्ही शेवटचा कधी उघडला होता, सांगा बरं?

धाराशिवचे_गुरुजी

त्याच दिवशी सकाळी, नातीशी बोलायला. वर्गातल्या पोरासारखा उलटतपास नको.

कॉम्बो_मास्टर_नांदेड

मग चुकलंच त्याचं. माफी त्याच्या वतीनं.

जालन्याची_मिक्सरवाली

गुरुजींच्या तक्रारीवर एकच उपाय आहे, छापील जॉबकार्ड. वस्तू घेताना गिऱ्हाइकासमोर चालू करून काय चालतं, काय नाही ते लिहायचं, सही घ्यायची, फोटो काढायचा. मी पाच वर्षं हे करते. भांडणं संपली.

आता माझ्या धंद्याचं. मी मिक्सर, इस्त्री, कूलर, गिझर आणि अधूनमधून इंडक्शन शेगडी करते. इथं कुणी या वस्तूंचं नावच काढलं नाही, कारण बाप्ये मंडळींना मोबाईल आणि टीव्हीच दिसतो. मिक्सरचा कपलर मला १५-२० ला पडतो, बसवून ८० घेते, वेळ पाच मिनिटं. कार्बन ब्रशची जोडी तीसची, १५० घेते. भांड्याचं बुश-पातं घासलं असेल तर २०० च्या आत काम. बाई भांडं पदराखालून काढते आणि म्हणते, "घरात सांगितलं नाही, उद्या पुरणाचं वाटायचंय." ती घासाघीस करत नाही आणि दिवसभर वाटही बघत नाही, म्हणून कपलर आणि ब्रश मी कायम भरून ठेवते. दिवाळीआधी आणि उन्हाळी कामांच्या वेळी रांग. एप्रिल-मेमध्ये कूलरचे पंप आणि मोटारी, तेव्हा तर जेवायला फुरसत नसते.

माझा गल्ला कॉम्बो मास्तरांच्या निम्मासुद्धा नसेल. पण शंभरातले साठ-पासष्ट माझे असतात. आणि पदराखालून आलेली वस्तू परत रडत आली नाही की तीच बाई शेजारणीला पाठवते.

बारामाही_टवाळ

ताई, तुमच्याकडं हाताखाली जागा आहे का? मामाच्या भाच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

जालन्याची_मिक्सरवाली

आहे. सकाळी नऊला यावं लागतं.

बारामाही_टवाळ

राहू द्या मग.

गॅस_चार्जिंग

मी लातूरला एका कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात सहा वर्षं होतो, आता स्वतःचं करतो. केंद्राचं गणित बाहेरच्याला कळत नाही म्हणून सांगतो. वॉरंटीतल्या कॉलचा पैसा गिऱ्हाईक देत नाही, कंपनी देते, ठरावीक. उदगीरला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, पेट्रोल टाकून हातात शे-दीडशे. वर गिऱ्हाइकानं ओटीपी दिला नाही तर कॉल बंद होत नाही आणि उशीर झाला की पैसे कापतात. केंद्राची खरी कमाई वॉरंटी संपलेल्या कामांत आणि वाढीव वॉरंटी विकण्यात. म्हणून दारात येणारा पोरगा दुरुस्तीच्या आधी योजना समजावून सांगत बसतो. त्याची चूक नाही, त्याला टार्गेट असतं.

रेडिओवाल्या काकांच्या जीएसटीच्या मुद्द्याला जोड: त्याच सप्टेंबरात एसीचाही २८ चा १८ झाला. टीव्ही स्वस्त झाला की दुरुस्ती मरते, पण एसी स्वस्त झाला की दुरुस्ती जन्माला येते, कारण एसीला दरवर्षी धुवायलाच लागतं. आता जवळपास सगळे इन्व्हर्टर एसी. बाहेरच्या युनिटचा पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, व्होल्टेजच्या चढउतारानं जातो. कंपनीचा नवा बोर्ड आठ-दहा हजार सांगतात. तोच बोर्ड मी दोन-तीनशेच्या मालात चालू करतो आणि अडीच हजार घेतो. सगळेच होत नाहीत, दहातले सहा होतात. ते सहा पुरेसे आहेत.

आयटीआय_निदेशक

गॅस_चार्जिंग यांनी लिहिलेला बोर्डाचा हिशेब आणि रेडिओवाल्या काकांची १९९९ ची "माल ०, मजुरी १००" ही नोंद शेजारी ठेवून बघा. एकच गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी टाका शोधणाऱ्याला मजुरी मिळायची, आजही मिळते. मधल्या काळात आपण सगळे पार्ट बदलणारे झालो आणि पार्टवाल्याचे हमाल बनलो. पोरं माझ्याकडून सर्किट वाचायला शिकून जातात आणि दुकानात जाऊन कॉम्बो चिकटवतात, कारण ते लवकर जमतं.

भाच्यानं पुण्यात दीड वर्ष काय केलं? कॉम्बो बदलले का बोर्डावर काम केलं? यावर सगळं अवलंबून आहे. डीसी सप्लाय, हॉट एअर, बऱ्यापैकी मायक्रोस्कोप आणि चांगला मल्टिमीटर तीसेक हजारांत होतं. एक लाख डिपॉझिटमध्ये घालण्याआधी हे घ्या.

कॉम्बो_मास्टर_नांदेड

सर, हमाल म्हणू नका, लागलं. पण खरं हाय. सीपीयू रीबॉल (चिप काढून तिच्याखालचे कथिलाचे बारीक टाके नव्यानं घालणं) करायचं म्हणलं की माझा हात थरथरतो, मी ते काम दुसऱ्याकडं पाठवतो आणि कमिशन घेतो.

तेरणाकाठ

सप्टेंबर २०२५ चा पूर कुणी काढला नाही म्हणून लिहितो. परंड्याकडून, भूमकडून माणसं पिकअपमध्ये टीव्ही, मिक्सर, होम थिएटर घालून आली. टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की गाळ, वाळून तडे गेलेला, तळ्यासारखा. बोर्ड नळाखाली धुवायचा, ब्रशनं घासायचा, मग आयपीए (सफाईचं अल्कोहोल) मारून दिवसभर उन्हात. पाण्यात असताना ज्यांनी लाईट चालू केली नव्हती त्यांचे बरेच जगले. पॅनलमध्ये पाणी शिरलेले गेले ते गेलेच.

ऑक्टोबरचा माझा गल्ला वर्षातला सगळ्यात मोठा. उधारीची वहीपण सगळ्यात मोठी. ज्याच्या रानातली माती वाहून गेली त्याला मजुरी कशी मागायची? मालाचे घेतले आणि बाकी सुगीला म्हटलं. सुगी तर पाण्यात गेलेली. म्हणून नुसत्या गल्ल्याच्या आकड्यावरून कुणी धंदा वाढला म्हणत असेल तर त्याला माझं ऑक्टोबरचं पान दाखवा.

काळी_माती

त्या वहीत माझंपण एक नाव असंल, तुमच्याच नाही पण कुणाच्या तरी. सोयाबीनचं बोललो ते मागं घेत नाही, पण दादा, हात जोडतो.

हिशोबनीस_लातूर

एक व्यवहाराची गोष्ट. क्यूआर लावला की सगळा गल्ला बँकेत दिसतो, मजुरी वेगळी दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयची जमा बघून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. दुरुस्तीत सेवा येते, त्यामुळं वर्षाला २० लाखांची मर्यादा धरून चालायची, नुसता माल विकणाऱ्याची ४० ची नाही. कॉम्बोवाल्याचा गल्ला २० लाखांला सहज भिडतो आणि घरी नेलेले पैसे चार लाखसुद्धा नसतात. पहिल्या दिवसापासून मालाची खरेदी बिलानं घ्या आणि वहीत दोन रकाने ठेवा, काकांसारखे.

जुने फोन घेऊन विकायचा विचार असेल तर विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि मूळ बिल घेतल्याशिवाय नको. मे २०२३ पासून संचार साथीवर चोरीचा फोन देशभर बंद करता येतो आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) तपासताही येतो. तो न तपासता घेतलेला फोन म्हणजे पोलीस स्टेशनच्या चकरा.

पुण्यातला_परभणीकर

मान्य, माझे २० अब्ज मागं घेतो. पण भाच्यानं उतरावं हे मत कायम. बोर्डाच्या कामात.

माजलगावचा_मामा

सगळ्यांचे आभार. भाच्याला हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. (त्याच मोबाईलचा स्पीकर बसलाय, त्यानं अजून केला नाही.) निदेशक सरांचा प्रश्न विचारला. खाली मान घालून म्हणाला, "मामा, दीड वर्षात बोर्डाला हात लावू दिला नाही. कॉम्बो, बॅटरी आणि चहा." सेलूच्या काकांना विनंती, पोरगं महिनाभर पाठवू का? पगार नको, जेवायचा डबा घेऊन येईल.

सेलूचा_रेडिओवाला

पाठवा. मांजरीची पिल्लं मोठी झाली, तो ४३ इंची त्याला देतो उघडायला. डबा नको, आमच्याकडं दोन माणसांचा स्वयंपाक तसाही जास्तीचा होतो.

माजलगावचा_मामा

दोन महिन्यांनी वर आणतोय धागा, विचारपूस करणाऱ्यांसाठी.

गाळा घेतला नाही. बहीण अजून बोलत नाही नीट. आमच्याकडं मोटार रिवाइंडिंगचं एक जुनं दुकान आहे, त्यांच्या पुढच्या अंगाला भाचा टेबल टाकून बसतो, महिना बाराशे. शेतकरी मोटार भरायला आणतातच, सोबत ऑटो स्विचचा डबापण आणतात. रात्रीच्या लाईटीत व्होल्टेज उसळलं की ते डबे जातात. मी जाऊन बसलो होतो एक दिवस. एका मोबाईल ऑटोचं (फोनवरून मोटार चालू-बंद करायच्या डब्याचं) झाकण काढलं, आत एमओव्ही (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) फुटून काळी राख झालेली आणि खालचा तांब्याचा ट्रॅक जळालेला. पोरानं राख खरवडली, ट्रॅकच्या जागी तार टाकली, एमओव्ही आणि एक रिले बदलला. माल ५५, घेतले ४५०. शेतकरी म्हणाला, नवा साडेतीन हजाराला सांगत होते. वहीत दोन रकाने आहेत. पहिल्या महिन्यात गल्ला १४,३००, माल ३,७००.

काकांकडचा ४३ इंची मात्र चालू झाला नाही. पॅनलच गेलं होतं.

बारामाही_टवाळ

सगळं ठीक. टफन ठेवलंय का?

माजलगावचा_मामा

निदेशक सरांना सांगू नका. ठेवलंय. शनिवारच्या बाजारी ९ गेले.